सेव्ह होणारी फाइल आपोआप कॉम्प्रेस करावी का?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामानगरातले तिघे मित्र मराठी-हिंदी लेखनासाठी एक एडिटर तयार करताहेत. लेख, पुस्तकं, स्मरणिका अशा कामांसाठी. मजकूर, शीर्षकं, तळटीपा आणि अधूनमधून चित्रं. त्यांची फाइल आतून साधी एक्सएमएल आहे, म्हणजे मजकूर आणि त्यात शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला हे सांगणाऱ्या खुणा, टॅग. एकाचं म्हणणं, सेव्ह करतानाच ती जीझिपने, म्हणजे एकेक फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाने, कॉम्प्रेस व्हावी. वर्ड तेच करतो, लिबरऑफिस तेच करतो, मग आपण मागे का? दुसऱ्याला ते पटत नाही, पण कारण नेमकं सांगता येत नाही. तिसऱ्याने मला लिहिलं, "सर, डीफॉल्ट काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा, नाहीतर रिलीज पुढच्या दिवाळीवर जाईल."

डीफॉल्ट बंद ठेवा. दुसऱ्या मित्राचं बरोबर आहे. कारणं मी देतो, आणि जिथे पहिल्याचं बरोबर आहे तिथे त्यालाही त्याचं माप देतो.

आधी हिशोब करू, कारण या वादात 'जागा वाचते' हे सगळे म्हणतात आणि किती वाचते हे कोणी मोजत नाही. तीनशे पानांचं मराठी पुस्तक घ्या. पानाला अडीचशे शब्द धरले तर ७५,००० शब्द. मराठी शब्दात काना-मात्रा-अनुस्वार धरून सरासरी सहा चिन्हं. युनिकोडचा मजकूर फाइलमध्ये लिहिण्याची नेहमीची पद्धत यूटीएफ-८, आणि तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'इंदूर' हा शब्दच घ्या. इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार आणि र अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. आपल्याकडे अजूनही अर्ध्या टायपिंगच्या दुकानांत कृतिदेव हा युनिकोडआधीचा फाँट चालतो, त्यात हाच शब्द पाच बाइटमध्ये बसतो. म्हणून जुन्या फायली युनिकोडमध्ये आणल्या की त्या फुगल्या असं लोकांना वाटतं. तर शब्दांमागे एकेक मोकळी जागा धरून पूर्ण पुस्तक झालं सुमारे १४ लाख २५ हजार बाइट. एक्सएमएलचे टॅग धरून दीड एमबी म्हणा.

आता कॉम्प्रेस करा. देवनागरी मजकूर फार छान दाबला जातो, कारण प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट जवळजवळ तेच असतात. 'इंदूर'चे बाइट सोळाच्या पद्धतीने लिहिले तर असे दिसतात: ई०ए४८७ ई०ए४८२ ई०ए४ए६ ई०ए५८२ ई०ए४बी०. ती 'ई०ए४'ची रांग बघा. जीझिप आणि झिप दोन्हींच्या पोटात डिफ्लेट ही एकच पद्धत आहे, आणि तिला अशी पुनरुक्ती म्हणजे मेजवानी. फाइल साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे तीनशे पानांच्या अख्ख्या पुस्तकामागे एक एमबीच्या थोडी वर बचत. तुमच्या खिशातल्या फोनने काढलेला एक फोटो याच्या दुप्पट-तिप्पट असतो. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी दाबलेली नसलेली पुस्तकं चाळीस हजारांहून जास्त बसतात. तेवढं मराठी लिहून होईपर्यंत आपण तिघं-चौघं असणार नाही.

मग वर्ड आणि लिबरऑफिस असं का करतात? काळ बघा. लिबरऑफिस ज्यातून निघालं त्या ओपनऑफिसची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली, तेव्हापासून तिच्या फायली झिप होत्या. पुढे तिचाच वारसा ओडीएफ या फाइल-प्रकाराच्या रूपाने २००५ मध्ये ओएसिस या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाला आणि २००६ मध्ये आयएसओचं. वर्डचं डॉकएक्सही २००६ अखेरीस ईसीएमए या तशाच संस्थेचं मानक झालं. त्या काळात फायली फ्लॉपीवरून फिरत, डायलअप मोडेमवरून मेलने जात. फ्लॉपीत १४ लाख ७४ हजार बाइट मावत. वरचं पुस्तक टॅगसकट तिच्यात मावता मावता राहिलं असतं. शिवाय ऑफिसच्या एक्सएमएलमध्ये मजकुरापेक्षा टॅगच जास्त असतात. दोन ओळींचं पत्र उघडून बघा, आत पानभर शैलींच्या व्याख्या. ते न दाबता ठेवणं तेव्हा खरंच परवडत नव्हतं.

पण झिप निवडण्याचं मोठं कारण दाबणं हे नव्हतंच. झिप म्हणजे अनेक फायली एकत्र ठेवण्याची सोय. मजकूर, शैली, चित्रं, सगळं एका फाइलच्या पोटात. तुमच्याकडच्या कोणत्याही डॉकएक्स फाइलची एक प्रत घ्या, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल म्हणजे तुमचा मजकूर, आणि मीडिया फोल्डरमध्ये तुमची चित्रं. मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर पहिली दोन अक्षरं 'पीके' दिसतील; १९८९ मध्ये पीकेझिप लिहिणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं आजही जगातल्या जवळजवळ प्रत्येक डॉकएक्सवर आहेत. झिपमध्ये कोणती आतली फाइल दाबायची आणि कोणती तशीच ठेवायची हे एकेकीसाठी ठरवता येतं. ओडीएफने तर नियमच केला आहे: फाइलचा प्रकार सांगणारी छोटी नोंद सगळ्यांत आधी, आणि न दाबता. त्यामुळे ३८ बाइट सोडून पुढचं वाचलं की कोणताही प्रोग्राम काही न उलगडता ओळखतो, हे लेखाचं कागदपत्र की हिशोबाचं.

म्हणून पहिल्या मित्राला सांगा, 'वर्ड करतो' हे कारण तुमच्या जीझिपला लागू होत नाही. जीझिप म्हणजे वळकटी: सुटसुटीत दिसते, पण आतली उशी हवी तर सगळी सोडावी लागते. झिपचं तसं नाही.

आता नुकसानीकडे येतो. मला खरी चिंता तिची आहे.

रामबागेतल्या एका मंडळाची स्मरणिका माझ्याकडे आली होती, म्हणजे जो पेनड्राइव्ह मेला होता तो आला. ओडीटी फाइल, म्हणजे लिबरऑफिसची झिप, उघडताना 'फाइल खराब आहे' एवढंच सांगायची. पेनड्राइव्हवरचा एक चार केबीचा तुकडा वाचलाच जात नव्हता, बाकी सगळं शाबूत. दुर्दैवाने तो तुकडा नेमका कंटेंट डॉट एक्सएमएलच्या, म्हणजे झिपमधल्या दाबलेल्या मजकुराच्या, पहिल्या अर्ध्यात पडला होता. डिफ्लेट सुरुवातीपासून उलगडत जातं. प्रत्येक ठिकाणी ते मागे बघतं, 'इथून अमुक बाइट मागे जे होतं तेच परत' असं. त्यामुळे मधला तुकडा गेला की पुढच्या सगळ्या 'मागे बघा' सूचना हवेत. अध्यक्षांचं मनोगत मिळालं, सचिवांचा अहवाल मिळाला, एक कविता अर्ध्या शब्दावर तुटली आणि त्यापुढचं सगळं गेलं. जाहिरातदारांची यादी शेवटी होती. मंडळाचा जीव त्या यादीत अडकला होता, कवितेत नव्हे.

हीच फाइल साधी असती तर? चार केबी म्हणजे देवनागरीचं जेमतेम एक पान. ते पान गेलं असतं आणि त्याच्या पुढचं प्रत्येक अक्षर वाचता आलं असतं, नोटपॅडमध्येसुद्धा.

अर्धवट कॉपी झालेल्या फायलींचंही असंच. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, यूपीएसची बॅटरी नावापुरती असते, आणि लोक कॉपी पूर्ण व्हायच्या आत पेनड्राइव्ह उपटतात. झिपमध्ये आतल्या फायलींची अनुक्रमणिका सगळ्यांत शेवटी लिहिलेली असते. शेपूट तुटलं की अनुक्रमणिका गेली, आणि बहुतेक प्रोग्राम तिथेच हात वर करतात, आत नव्वद टक्के माल धड असला तरी. साध्या फाइलचं जेवढं आलं तेवढं आलं.

पहिल्या मित्राच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. झिप आणि जीझिप दोन्ही सीआरसी-३२ ही पडताळणीची बेरीज ठेवतात, त्यामुळे फाइल बिघडली हे लगेच कळतं. साध्या मजकुरात एखादं अक्षर बदललं तर कोणाला पत्ताही लागत नाही. तो फायदा हवा असेल तर कॉम्प्रेस न करताही घेता येतो: शेवटच्या ओळीत अशी बेरीज, म्हणजे चेकसम, लिहा. मात्र तो जुळला नाही तर फक्त इशारा द्या, उघडायला नकार देऊ नका. कोणीतरी नोटपॅडमध्ये हाताने एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली म्हणून त्याला त्याच्याच लेखाबाहेर उभं करायचं नसतं.

आणि खरं सांगू, फायली वाचवायला कॉम्प्रेशन बंद ठेवण्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे सेव्ह कसं करता ती. जुन्या फाइलवर थेट लिहू नका. शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहा, ती डिस्कवर खरंच उतरली याची खात्री करणारा कॉल द्या, आणि मग नाव बदला. मध्येच लाइट गेली तर जुनी किंवा नवी, एक तरी पूर्ण राहते. हे केलं नसेल तर कॉम्प्रेशनवर भांडत बसू नका, आधी हे करा. ऑटोसेव्हची रिकव्हरी फाइल तर कोणत्याही परिस्थितीत साधीच ठेवा. ती उघडायची वेळ येते तेव्हा आधीच काहीतरी बिघडलेलं असतं.

दुसरं मोठं कारण: तुमची फाइल तुमच्या प्रोग्रामशिवाय आणखी कोण वाचतं? तुम्हाला वाटतं कोणी नाही. बॅकअप वाचतो, शोध वाचतो, फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट वाचतं.

शोधाचं उदाहरण सोपं आहे. डॉकएक्स दाबलेली असूनही विंडोजच्या शोधात आतला शब्द सापडतो, कारण ती उलगडून वाचणारा फिल्टर मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून दिला आहे. तुमच्या नव्या फाइलसाठी तसा फिल्टर कोण लिहिणार? तुम्ही तिघं, दिवाळीनंतर, म्हणजे कधीच नाही. साधी फाइल असली तर लिनक्सवरची ग्रेप ही शब्द शोधणारी आज्ञाही चालते आणि फोल्डरभर लेखांतून 'अहिल्याबाई' कुठे कुठे आलं हे एका ओळीत निघतं.

गिटचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुम्ही लेखकांना आवृत्त्या ठेवायला गिट देणार आहात असं पत्रात म्हटलंय. गिट प्रत्येक वस्तू स्वतःच झेडलिबने, म्हणजे त्याच डिफ्लेटने, दाबून ठेवतं. त्यावर ते आणखी एक हुशारी करतं: एकसारख्या दिसणाऱ्या आवृत्त्यांमधला फरक तेवढा साठवतं. दीड एमबीच्या पुस्तकात तुम्ही एक शब्द बदललात तर साठ्यात काही बाइटच वाढतात. पण तुम्ही आधीच जीझिप करून दिलंत तर? पहिल्या प्रकरणात एक शब्द बदलला की दाबलेल्या फाइलचे तिथून पुढचे बाइट जवळजवळ सगळे बदलतात. गिटला दोन आवृत्त्यांत साम्यच दिसत नाही, आणि प्रत्येक वेळी पूर्ण नवी फाइल साठते. म्हणजे जागा वाचवायला दाबलं आणि जागाच जास्त गेली. फरक बघायला जावं तर 'बायनरी फायली वेगळ्या आहेत' एवढंच उत्तर. दूरच्या मशीनवर आरसिंकने, म्हणजे बदललेला भाग तेवढा पाठवणाऱ्या साधनाने, बॅकअप घेणाऱ्यांचंही हेच दुखणं. जीझिपला म्हणूनच आरसिंकेबल नावाचा पर्याय द्यावा लागला. आणखी एक बारकावा: जीझिपच्या शीर्षात चार बाइट वेळेसाठी असतात. लेखकाने काहीही न बदलता दोनदा सेव्ह केलं तरी दोन फायली वेगळ्या निघतात, आणि बॅकअप दोन्ही उचलतो. कधी जीझिप वापरलंतच तर तिथे शून्य लिहा.

मात्र 'साधी फाइल' म्हणजे अख्खं एक्सएमएल एका ओळीत नव्हे. तसं केलंत तर गिट म्हणेल 'एक ओळ बदलली', आणि ती ओळ म्हणजे पुस्तक. प्रत्येक परिच्छेद नव्या ओळीवर सुरू करा. लिबरऑफिसलाही ही गरज कळलेली आहे. त्यात एफओडीटी नावाने सपाट, न दाबलेली फाइल ठेवता येते. लिक्स हा लेखनाचा प्रोग्राम पूर्वीपासून साधा मजकूरच लिहितो, कॉम्प्रेस हा मागून घ्यायचा पर्याय. इंकस्केप हा चित्रं काढण्याचा प्रोग्राम डीफॉल्टने साधी एसव्हीजी लिहितो आणि दाबलेली हवी तर एसव्हीजीझेड वेगळी. तुम्ही चांगल्या संगतीत असाल.

वेगाचा मुद्दा मी दोन वाक्यांत संपवतो. दीड एमबी मजकूर दाबायला आजच्या साध्या लॅपटॉपलाही क्षणाचा अंश लागतो, आणि न दाबता लिहायलाही तेवढाच. या कारणाने कोणतीही बाजू घेऊ नका.

आता चित्रं. तुमच्या पत्रात या विषयाला अर्धी ओळ आहे आणि मला वाटतं खरा घोळ इथेच होणार. जेपीईजी आणि पीएनजी आधीच दाबलेले असतात. त्यांना पुन्हा जीझिप लावून हाती काही येत नाही. उलट तुमचं एक्सएमएल चित्रं पोटात घेणार म्हणजे बेस-६४ करणार, चित्राचे बाइट साध्या अक्षरांत लिहिणार, तीन बाइटचे चार करणार, फाइल एक तृतीयांशाने फुगणार, आणि मग ती फुगवटी काढायला पुन्हा जीझिप. हा उलटासुलटा व्यवहार करू नका. चित्र असलेल्या कागदपत्रासाठी झिपची पेटी वापरा: मजकूर दाबून, चित्रं न दाबता तशीच. इथे पहिल्या मित्राचं म्हणणं मान्य. चित्र नसेल तोवर साधी फाइल, पहिलं चित्र घातलं की पेटी, आणि लेखकाला एकदाच सांगा की असं झालं.

पण 'कॉम्प्रेस' या एकाच नावाखाली दोन गोष्टी फिरतात. डिफ्लेट काहीही हरवत नाही. उलगडलं की बाइट-न्-बाइट परत. चित्राचा दर्जा कमी करणं वेगळं, त्यातलं गेलेलं परत येत नाही. वर्ड सेव्ह करताना डीफॉल्टने चित्रं २२० पीपीआयवर, म्हणजे इंचाला २२० पिक्सेलवर, आणतो, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. समजा फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे आणि तुम्ही तो लेखात तीन इंचात बसवला. सेव्ह केलं की उरले ६६० पिक्सेल. स्क्रीनवर छान दिसतो. पुढे संपादक म्हणाले, हा फोटो मुखपृष्ठावर घ्या, आठ इंच रुंद. आता इंचाला ८२ पिक्सेल. खजुरी बाजारातला प्रेसवाला बघतो आणि म्हणतो, "भिया, ये तो फटेगा." त्याला तीनशे हवे असतात. मूळ फोटो कोणाच्या तरी फोनमध्ये होता, आणि तो फोन बदलला. (व्हॉट्सअॅपवर 'फोटो' म्हणून आलेली चित्रं तर दाराशी येतानाच दाबलेली असतात, ते वेगळंच.) वर्डच्या ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डखाली 'फाइलमधली चित्रं कॉम्प्रेस करू नका' अशी खूण आहे, स्मरणिका करणाऱ्या प्रत्येकाने ती पहिल्या दिवशी लावावी. तुमच्या एडिटरमध्ये असला प्रकार डीफॉल्टने मुळीच नको. हवा तर पीडीएफ काढताना विचारा, कारण तिथे मूळ फाइल सुरक्षित राहते.

पर्याय कुठे ठेवायचा? एक सेटिंग्जमधला, तो फक्त नव्या कागदपत्रांना लागू. आणि एक कागदपत्राबरोबर जाणारा: जी फाइल दाबलेली उघडली ती दाबलेलीच सेव्ह व्हावी, जी साधी ती साधी. नाहीतर गुरुजींनी साधी पाठवलेली फाइल विद्यार्थ्याच्या मशीनवरून दाबून परत येते आणि गुरुजींचं गिट कोलमडतं. उघडताना एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका, पहिले बाइट बघा. '१एफ ८बी' दिसलं तर जीझिप, 'पीके' दिसलं तर झिप, नाहीतर मजकूर. ही तपासणी दहा ओळींत होते.

दाबायचंच तेव्हा डिफ्लेटच वापरा. तिचा तपशील १९९६ पासून आरएफसी १९५१ या इंटरनेटच्या जाहीर दस्तऐवजात आहे आणि ती उलगडणारं साधन कुठल्याही मशीनवर मिळतं. नव्या पद्धती जास्त दाबतात हे खरं, डिफ्लेटची नजर मागे ३२ केबीपर्यंतच जाते, म्हणजे देवनागरीची सहा-सात पानं. पण आणखी पन्नास केबी वाचवायला वाचकावर नवं साधन लादण्यात अर्थ नाही. पासवर्डची सोय देणार असाल तर आधी दाबा, मग कुलूप लावा. कुलूपबंद बाइट दाबले जात नाहीत. आणि उलगडताना मर्यादा ठेवा. डिफ्लेटमध्ये एका बाइटचे हजारभर बाइट होऊ शकतात, तेव्हा कोणी मुद्दाम बनवलेली छोटी फाइल पाठवली तर तुमचा प्रोग्राम सगळी मेमरी खाऊन बसेल.

ज्यांना तरीही जागेची काळजी आहे, त्यांना विंडोजवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तो फोल्डर दाबून ठेवायला सांगा. विंडोजची फायली ठेवण्याची पद्धत, एनटीएफएस, ते खाली गुपचूप करते, वर प्रत्येक प्रोग्रामला फाइल साधीच दिसते. मेलने पाठवायची तेव्हा 'दाबून पाठवा' असा वेगळा मेनू द्या.

राहिला तुमच्या चाचणी आवृत्तीचा प्रश्न, जिच्यात सगळ्या फायली जीझिपने सेव्ह झाल्या आहेत. त्या उघडताना आपोआप बदलू नका. जशा आहेत तशा उघडा, तशाच सेव्ह करा, आणि फाइल मेनूमध्ये 'साध्या रूपात ठेवा' एवढा एक पर्याय द्या. रिलीजआधी एक चाचणी मात्र करून बघा: शंभर पानांची फाइल घ्या, मधले चार केबी शून्याने भरा, आणि दुसऱ्या प्रतीचा शेवटचा अर्धा भाग कापून टाका. दोन्ही तुमच्या एडिटरमध्ये उघडा. किती मजकूर दिसतो आणि संदेश काय येतो, ते मला लिहून पाठवा.